निवडुंगातली वाडी आणि तिचे दोन राखणदार

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या वेळचा भाग. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, "अं", "म्हणजे" तेवढे काढलेत.

मागच्या वेळी अमेरिकेतल्या माळरानावर वस्ती करायला गेलेल्यांची घरं कशी होती, ते बोललो. १८६२ चा होमस्टेड कायदा, १६० एकर जमीन, पाच वर्षं तिथं राहून कसून दाखवायची अट. लाकूड नाही, दगड नाही, म्हणून नांगरानं गवताच्या मुळांसकट मातीचे पट्टे कापून त्यांच्याच भिंती. छपरावर पण तीच माती. भाग आला आणि दुसऱ्या दिवशी कराडच्या एका श्रोत्याचा मेसेज आला: "भावा, नेब्रास्काचं लई झालं. ताकारीच्या पुढं गाडी थांबते तिथलं पण सांग की."

खजील झालो. कारण मी सांगलीचा, नोकरी पुण्यात, आणि महिन्यातून एकदा तरी कोयना एक्स्प्रेसनं घरी जातो. ताकारी गेलं की किर्लोस्करवाडी. लहानपणापासून ते स्टेशन म्हणजे माझ्यासाठी "आता आवराआवर करा, सांगली आली" एवढंच. पंप बनवणारी कंपनी आहे, झाडी आहे, विषय संपला. त्या पाटीमागं ओसाड माळावर माणसांनी येऊन संसार थाटल्याची गोष्ट आहे, हे बीटेक होऊन नोकरीला लागल्यावर वाचलं.

तर, १९१०. लक्ष्मणराव किर्लोस्कर चाळीस वर्षांचे. जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईत चित्रकला शिकायला गेले, पण रंगांचा दोष निघाला, काही रंग ओळखूच यायचे नाहीत. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवायला लागले. बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो इंडियन माणसाला मिळाली. यांनी राजीनामा दिला, बेळगावला आले, थोरले भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान चालवलं. त्यातून कडबा कापायचं यंत्र, त्यातून लोखंडी नांगर. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. शेतकऱ्यांचं म्हणणं, लोखंडानं जमीन विषारी होते. (आपण हसतो. पण गावाकडं पहिल्यांदा यूपीआय आलं तेव्हा माझ्या चुलत्यांचं काय म्हणणं होतं ते मला चांगलं आठवतंय.)

आणि मग बेळगावच्या नगरपालिकेनं शहराची नवी वसाहत वाढवायची म्हणून कारखान्याची जागा खाली करायला सांगितली. यंत्रं आहेत, कामगार आहेत, जागा नाही. अशा वेळी औंधचे राजे, भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, पुढं आले. लक्ष्मणरावांनी त्यांच्याकडे औंधच्या यमाई देवीच्या मंडपाचं काम घेतलेलं होतं, ओळख होती. राजे स्वतः चित्रकार, हे रंगांमुळे चित्रकला सोडलेले. दोघांचं जमलं. राजांनी बत्तीस एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी.

जमीन कुठं? औंध संस्थानाचा नकाशा बघितलात तर चक्रावाल. गोधडीच्या ठिगळांसारखा. औंध इकडं, आटपाडी तिकडं, आणि कुंडलचा तुकडा चहूबाजूंनी इंग्रजी मुलखात. त्या तुकड्यात रेल्वेचं एक छोटं स्टेशन होतं, कुंडल रोड. त्याच्या शेजारचा माळ. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. १९४९ ला साताऱ्यातून दक्षिण सातारा निघाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळं ही गोष्ट सातारकरांनी पण आपली म्हणायला हरकत नाही.

मार्च १९१० मध्ये पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबं त्या माळावर आली. तिथं होता फड्या निवडुंग आणि नाग. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुढं आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या इंग्रजी नावातही निवडुंग आहे. नंतर गुलाब आहे, पण आधी निवडुंग.

आता गंमत बघा. हा फड्या निवडुंग मुळात अमेरिकेचा. इकडं आला आणि माळच्या माळ व्यापून बसला. दक्षिण भारतात त्याला खाणारी कीड मुद्दाम सोडली ती १९२६ च्या सुमाराला. त्याआधी एकच उपाय: हातात कुऱ्हाड-कोयता घ्या, तोडा, गोळा करा, जाळा. तोडलेला फडा नुसता पडला तरी तिथंच मूळ धरतो, त्यामुळं अर्धवट काम चालत नाही. आणि त्याची बारीक कुसं! एकदा मळ्यात माझ्या हाताला लागली होती, आज्जीनं दिव्यासमोर बसून चिमट्यानं काढली, तासभर लागला. बत्तीस एकर साफ करणाऱ्यांच्या हातांचं काय झालं असेल.

आणि "ओसाड", "पडीक" हे शब्द मी वापरतोय खरे, पण ते सात-बाऱ्याचे शब्द आहेत. धनगराला विचारा, माळ कधीच रिकामा नसतो. अमेरिकेत तर "रिकामी" जमीन म्हणजे तिथल्या मूळ लोकांना हुसकून रिकामी केलेली होती. ती तुलना इथं जशीच्या तशी लागू होत नाही, पण नवी वस्ती म्हटलं की हा प्रश्न डोक्यात ठेवावा.

बरं, राहायचं कसं? माझा अंदाज सांगतो. बेळगावकडची माणसं म्हणजे भरपूर पाऊस, उतरती कौलं. इकडं कुंडलच्या पूर्वेला सरकत गेलं की पाऊस कमी कमी होत जातो आणि घरं सपाट होत जातात. खानापूर, आटपाडी, माणकडची धाब्याची घरं बघा. तुळया, त्यावर आडवी लाकडं, त्यावर पाला, चिखल आणि सगळ्यात वर खारी पांढरी माती. ती पाण्यानं फुगून घट्ट बसते, म्हणून गळत नाही. गळलं तर वर जायचं आणि पांढरीची एक पाटी ओतायची. नेब्रास्कातल्या बायका छताखाली कापड बांधायच्या, माती आणि कधीमधी साप ताटात पडू नये म्हणून. आटपाडीच्या आज्जीला आणि नेब्रास्काच्या आज्जीला एकत्र बसवलं असतं तर भाषा सोडून बाकी सगळं जुळलं असतं.

पण एक गोष्ट वेगळी, आणि ती मला फार उशिरा सुचली. वाडीवर आलेल्या पिढीला माळावर राहायची सवय होती. का? प्लेग. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षं आपल्या भागात दर सालाला फेरा. उंदीर पडायला लागले की गाव मोकळं करायचं आणि रानात झोपडी घालायची. चूल, जातं, दोन भांडी, पांघरुणं, बास. महिना दोन महिने तसंच. म्हणजे १९१० मध्ये ज्या बाईला "माळावर चल" म्हटलं, तिनं बहुतेक हे आधी केलेलं होतं. तिला ठाऊक होतं काय उचलायचं आणि काय मागं ठेवायचं. फरक एवढाच की या वेळी परत जायला गाव नव्हतं.

पाण्याचं काम पहिलं. सरपणाचं दुसरं. उजेड म्हणजे रॉकेलची चिमणी नाहीतर कंदील. ते रॉकेलही तेव्हा एकतर बर्माचं किंवा अमेरिकेचं, आणि डबा रिकामा झाला की पाण्याला. आज आपण जिला सोय म्हणतो अशी एकच गोष्ट त्या माळावर आयती होती: रेल्वे. आगगाडी होती म्हणून लोखंड यायचं आणि नांगर जायचे, हे तर झालंच. पण घरातल्या माणसासाठी गाडी म्हणजे पत्र, गूळ-मीठ, माहेर आणि डॉक्टर. मिरजेला वानलेस डॉक्टरांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून होतं. रात्री पोराला ताप चढला तर सकाळच्या गाडीनं मिरज. अमेरिकेच्या माळावर कित्येकांना डॉक्टर गाठायला दिवस दिवस घोडागाडीत जायचे. इथं आधी रूळ, मग वस्ती. लक्ष्मणरावांचा इंजिनियर मेंदू मला इथं सगळ्यात जास्त दिसतो.

वाडीची आखणी आणि कारभार रामूअण्णांनी बघितला. रस्ते, घरं, झाडं. इंग्लंड-अमेरिकेतल्या कारखानदारांनी कामगारांसाठी वसवलेल्या गावांबद्दल लक्ष्मणरावांनी वाचलेलं होतं, तसं आपलं एक असावं ही इच्छा. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हाही त्यांचा नियम. पहिलं महायुद्ध आलं, परदेशी लोखंड-कोळसा अडला, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या, असं आमच्याकडं अजून सांगतात. १९२० ला "किर्लोस्कर खबर" निघालं, त्याचंच पुढं "किर्लोस्कर" मासिक झालं, १९३० ला "स्त्री". निवडुंगाच्या माळावरून महाराष्ट्रभरच्या माजघरात मासिक जायला लागलं. १९२६ च्या सुमाराला पंप आणि इंजिनं. पुढं लोखंडी फर्निचर. म्हणजे ज्यांनी जमिनीवर घोंगडी टाकून सुरुवात केली, ते दुसऱ्यांच्या घरच्या खुर्च्या बनवायला लागले.

हे सगळं पुस्तकांत आहे, नीट आहे, आणि थोडं जास्तच गोड आहे. कंपनीच्या गावात घर कंपनीचं असतं, नोकरी गेली की घर गेलं. त्यावर वेगळा भाग करू. मला आज दुसऱ्याच गोष्टीवर थांबायचंय. रात्र.

म्हणजे बघा. उघडा माळ. गाव लांब. कुंपण असलं तर निवडुंगाचंच. कारखान्यात धातू, हत्यारं, पगाराचे पैसे. घरात बायकामुलं. दरोड्याची भीती खरीखुरी. अंथरूण, दिवा, पाणी सगळं असलं आणि रात्री डोळा लागत नसेल तर काय उपयोग? मी पहिल्या नोकरीत ऑन-कॉल असायचो तेव्हा उशाला फोन घेऊन झोपायचो. म्हणजे झोपायचो नाहीच.

लक्ष्मणरावांच्या सुरुवातीच्या सोबत्यांची नावं सगळीकडे एकत्र येतात. शंभूराव जांभेकर, इंजिनियर. के. के. कुलकर्णी, पडेल ते काम करणारे. मंगेशराव रेगे, हिशेब. अनंतराव फळणीकर, शाळा सोडलेली पण डोकं अचाट. आणि शेवटी दोघं, वाडीचे विश्वासू पहारेकरी: तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघंही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेले.

ही यादी मी चार-पाच वेळा वाचली असेल. गोष्ट सांगणारे इथं म्हणतात, बघा, केवढा विश्वास! आणि तो होताच. पण एकदा यादी मोठ्यानं वाचली, या भागाची तयारी करताना, माईकसमोर, आणि अडखळलो. शंभूराव. मंगेशराव. अनंतराव. पिऱ्या. पिऱ्या म्हणजे बहुधा पिराजी. सगळी वाडी ज्याच्या जिवावर झोपायची त्याला कुणी "पिराजीराव" म्हटलेलं नाही. आणि आडनावाच्या जागी जात. (यादीत बाई एकही नाही, हे पण आत्ताच सांगून टाकतो. पंचवीस चुली पेटवणाऱ्या कुणीतरी होत्याच की.)

आता त्या काळाकडं बघा. रामोशी म्हणजे मुळात गावची राखण करणारे. चोरी झाली तर माग काढायचा, नाहीतर भरपाई द्यायची, असा जुना करार. इंग्रजांच्या राज्यात त्यांची ती वतनं आणि मान गेला, उमाजी नाईकांनी बंड केलं, १८३२ ला त्यांना पुण्यात फाशी दिलं. पुढं १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. माणूस काय करतो यावर नाही, कुठल्या जातीत जन्मला यावर गुन्हेगार ठरवणारा. तो मुंबई इलाख्याला लागू झाला १९११ मध्ये. म्हणजे वाडी वसली त्याच्या दुसऱ्या वर्षी. नावनोंदणी, बोटांचे ठसे, पोलिसांकडं हजेरी, परगावी जायला परवानगी. पाव्हण्याकडं एक रात्र राहायची तरी सांगून. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंची "फकिरा" १९५९ ला आली. ज्यांनी वाचलीय त्यांना हजेरी म्हणजे काय ते मी सांगायला नको. शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांनी महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी १९१८ ला बंद केली. इंग्रजी मुलखात चालूच.

आणि सोलापूरला काय झालं? तिथं या कायद्याखाली वसाहत केली. लोक आजही त्या भागाला "सेटलमेंट" म्हणतात. भोवती काटेरी तार. आत कुटुंबं. दिवसा गिरणीत काम, मग आत. ती काटेरी तार, १८७४ चं ग्लिडनचं पेटंट, अमेरिकेच्या माळावर गुरं अडवायला निघालेली. तिकडची तार, तिकडचा निवडुंग, सगळं आपल्याकडं पोचलं. वस्ती हा शब्द एकच, पण कुंडल रोडला घर दिलं आणि सोलापूरला घरात कोंडलं. सोलापूरची माणसं कायद्यानं मोकळी झाली ३१ ऑगस्ट १९५२ ला. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

त्या तारेच्या काळात एका कारखानदारानं, रात्री सगळी वाडी झोपलेली असताना, दोन दरोडेखोरांना राखणीला ठेवलं. धोरणीपणा? असेलही. ज्याला वाटा माहीत त्यालाच वाटेवर बसव, हा जुना गावगाड्याचा हिशेब लक्ष्मणरावांना ठाऊक असणारच. मला त्यात कमीपणा वाटत नाही. विश्वास टाकताना माणूस डोकं पण वापरतो.

आता जे सांगतो ते रेकॉर्डिंगमधून काढणार होतो. ठेवलंय.

पुण्यात मी राहतो त्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी रात्रपाळीला एक नवीन रखवालदार आला. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान. माझी बोली ऐकून म्हणाला, "सांगलीकडचं का दादा तुम्ही?" तो माणचा. मग रोज दोन शब्द. मी उशिरा यायचो, तो गेट उघडता उघडता पावसाचं विचारायचा, जसं काही माझ्याकडं आतली बातमी असते. महिन्याभरानं कुणाची तरी सायकल गेली. ग्रुपवर कुणीतरी त्याचं आडनाव शोधून, त्या आडनावाचे लोक कोण असतात, त्याची लिंक टाकली. "नथिंग पर्सनल, पण रिस्क कशाला?" खाली अंगठे. दोन दिवसांत एजन्सीनं माणूस बदलला. सायकल तिसऱ्या दिवशी बेसमेंटमध्ये सापडली, ज्याची होती त्याच्याच पोरानं लावलेली.

मी ग्रुपवर काही लिहिलं नव्हतं. अंगठा दिला नाही, एवढंच. सायकल सापडल्यावर पण गप्पच. त्याचा नंबर माझ्याकडं होता, फोन केला नाही. आमच्या गेटवर कॅमेरे आहेत, अॅप आहे, ओटीपी आहे, पोहे देणाऱ्याचीही नोंद होते. १९१० च्या त्या माळावर यातलं काय होतं?

हे औंध संस्थान पण अजबच. एकोणतीस वर्षांनी, १९३९ ला, त्यांनी आटपाडीजवळच्या माळावर कैद्यांची उघडी वसाहत काढली. बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलिश इंजिनियर (हो, इंजिनियरच!) यांची त्यामागं खटपट. नाव ठेवलं स्वतंत्रपूर. भिंत नाही. गंभीर गुन्ह्यांतले कैदी शेती करणार आणि बायकापोरांना घेऊन राहणार. पुन्हा तेच: माळ, पाण्याची ओढ, धाब्याचं घर, चूल. फक्त इथं पहारेकरी आणि ज्यांच्यावर पहारा ते, एकच. व्ही. शांतारामांचा "दो आँखें बारह हाथ", १९५७, त्यावरूनच. पटकथा गदिमांची, आणि गदिमा त्याच मुलखातले. पिक्चर सगळ्यांना माहीत असतो, स्वतंत्रपूर आपल्याच जिल्ह्यात आहे आणि आजही खुली वसाहत म्हणून चालू आहे, हे मी ज्यांना सांगितलं त्यातल्या निम्म्यांना नवीन होतं. माझ्या आईला पण. ती म्हणाली, "आणि आम्ही आटपाडीला डाळिंबं आणायला जात होतो!"

तुकाराम आणि पिराजी यांच्यामुळं स्वतंत्रपूर झालं, असा धागा मी ओढणार नाही. पण राजे तेच होते, आणि त्यांनी दिलेल्या माळावर रात्रीची राखण कोण करतं हे त्यांनी बघितलेलं असणार.

परवा कोयनेनं येताना ताकारी सुटलं तसा दारात जाऊन उभा राहिलो. अंधार पडत होता. वाडीत गाडी मिनिटभर थांबली, चार-पाच जण उतरले. आता तिथं एवढी झाडी आहे की माळ मनात आणायचा म्हटलं तरी येत नाही. शेजारच्या काकांनी विचारलं, "इथलेच का?" म्हटलं, नाही, सांगली.

तुमच्यापैकी कुणाचे आजोबा-पणजोबा वाडीच्या पहिल्या दिवसांत तिथं होते का? घरात काही आठवणी असतील तर पाठवा. नांगराच्या, मासिकांच्या पुष्कळ आहेत. मला रात्रीच्या हव्यात. कोण हाळी द्यायचं, कंदील कुठं टांगलेला असायचा, आणि त्या दोघांना तुमच्या घरात काय म्हणून हाक मारायचे.

पुढच्या भागात कराडजवळची ओगलेवाडी आणि तिथला प्रभाकर कंदील. ती जमीन पण औंधच्या राजांचीच, बरं का. भेटू.